मुलाला पहिल्यांदा थेरपीला नेताना: पुण्यातल्या पालकांसाठी

डॉक्टर केस पेपरवर ‘फिजिओ, ओटी, स्पीच’ (म्हणजे हालचालीची, रोजच्या कामांची आणि बोलण्याची थेरपी) असं लिहून देतात आणि पुढचं सगळं घरच्यांवर येतं. कुठे जायचं, आधी कोणाला दाखवायचं, सोबत काय न्यायचं, आत नक्की काय होतं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. हा लेख त्या कागदापासून पहिल्या भेटीपर्यंत आणि नंतरच्या काही आठवड्यांपर्यंतचा आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी असो (सगळे ‘सीपी’च म्हणतात), ऑटिझम असो, डाउन सिंड्रोम असो, की नुसतं ‘सगळंच उशिरा होतंय’ असं असो, बहुतेक पायऱ्या सारख्याच आहेत.

सुरुवातीला एक हिशेब. आठवड्याचे तास १६८. पाऊण-पाऊण तासाची दोन सेशन मिळाली तर थेरपीचे झाले दीड तास. बाकीचे १६६ तास मूल तुमच्याजवळ असतं. म्हणून पहिल्या दिवशी मूल तिथे किती शहाण्यासारखं वागलं याची काळजी करू नका. घरची खरी माहिती तिथे नीट पोहोचली का, आणि तिथून घरी करण्यासारखं काय आणलं, पुढचं सगळं यावर चालतं.

१. आधी कान तपासा

बोलण्याची तक्रार असेल तर स्पीच थेरपी सुरू करण्याआधी श्रवणचाचणी झालीच पाहिजे. ‘हाक मारली की वळतो, टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, ऐकू येतं त्याला’ एवढ्यावर थांबू नका. फक्त वरच्या पट्टीचे आवाज ऐकू न येणारं मूलही हाकेला वळतं. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत, मग ते बोलण्यात येणार कुठून?

चाचण्या मुख्यतः दोन. ओएई काही मिनिटांत होते आणि आतल्या कानापुरतं सांगते. बेरा चाचणीत कानापासून मेंदूकडे जाणारी नसही तपासली जाते. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल, तर ओएई ‘पास’ आली तरी बेरा करून घ्या, कारण अशा बाळांत कान चांगला पण दोष त्या नसेमध्ये, असं होऊ शकतं.

बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. वाटेत रिक्षात डोळा लागू देऊ नका, नाहीतर तिथे पोहोचल्यावर ते टक्क जागं असतं आणि पुन्हा नवी तारीख घ्यावी लागते. डोक्याला आणि कपाळाला तेल लावू नका. इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

बाळ फार आधी जन्मलेलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, तेही पाहा.

२. ठिकाण निवडताना

सरकारी वाटेने जायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना या कार्यक्रमातले उपचार मोफत असतात. अंगणवाडी सेविकेला सांगितलं की पुढची चिठ्ठी मिळते. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पुणे स्टेशनजवळचं ससून ही दोन मोठी सरकारी ठिकाणं. ट्रस्टच्या रुग्णालयांत रास्ता पेठेतल्या केईएमचं बालविकास आणि पुनर्वसन केंद्र जुनं आहे. तिथे वेगवेगळे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात. खासगी सेंटर तर आता प्रत्येक उपनगरात आहेत.

नाव कितीही मोठं असो, ठिकाण घराजवळचं घ्या. कोथरूडहून हडपसरला आठवड्यातून दोनदा जाणं पहिला महिना उत्साहाने होतं. दुसऱ्या महिन्यात पाऊस, परीक्षा, पाहुणे यांत सेशन गळायला लागतात आणि तिसऱ्या महिन्यात ते बंद पडतं. मोठ्या तज्ज्ञांना तीन-चार महिन्यांतून एकदा दाखवा आणि रोजची थेरपी अर्ध्या तासाच्या टप्प्यात ठेवा. ही जोडी टिकते.

फोन करताना चार गोष्टी विचारा: पहिल्या तपासणीची फी वेगळी आहे का, सेशन किती मिनिटांचं, पालकांना आत बसू देतात का, आणि सेशन चुकलं तर पैसे जातात का. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही, मूल रडतं’ असं उत्तर आलं तर दुसरं ठिकाण शोधा. क्वचित एखाद्या वेळी पालकांना बाहेर बसवण्याला कारण असतं, पण तो नियम असू शकत नाही. तुम्ही पाहिलंच नाही तर घरी करणार काय?

नोंदणीही विचारा, त्यात संकोच नको. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो सीआरआर क्रमांक. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ असं नुसतं पाटीवर लिहिलेलं पुरेसं नाही.

३. फाइल तयार करा

प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल घ्या. जून ते सप्टेंबर पुण्यात कागद कोरडे ठेवणं हेच एक काम असतं. आत याच क्रमाने लावा:

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड. एनआयसीयूत होतं तर त्याचं वेगळं
- लसीकरणाचं कार्ड
- एमआरआय, ईईजी, बेरा, थायरॉइड यांचे रिपोर्ट, एमआरआयची सीडीही
- चालू औषधं: नाव, किती मिली किंवा किती गोळी, कोणत्या वेळी
- आधीच्या थेरपिस्टच्या नोंदी
- मुलाचं आणि एका पालकाचं आधार कार्ड, दोन-दोन झेरॉक्स
- सगळ्यात वर, तुमच्या हाताने लिहिलेलं एक पान

हे शेवटचं पान सगळ्यात कामाचं. त्यात लिहा: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, वजन किती, जन्मल्याबरोबर रडलं का, पेटीत किती दिवस होतं, झटके आले होते का. मग मान कधी धरली, पालथं कधी पडलं, आधाराशिवाय कधी बसलं, रांगलं कधी, पहिला अर्थाचा शब्द कोणता आणि कधी. तारखा आठवत नाहीत म्हणून अंदाज ठोकू नका. घरातले फोटो काढा. उष्टावणाच्या फोटोत मामाच्या मांडीवर मान स्थिर आहे का? बोरनहाणाच्या वेळी एकटं बसलंय, की मागून कोणाचा तरी हात आहे? पहिल्या वाढदिवसाला उभं आहे का? फोटोवर तारीख असते आणि ती खोटं बोलत नाही.

आणि एक ओळ ठळक लिहा: आलेलं काही गेलं का? आधी ‘आई’, ‘दे’ म्हणायचं आणि आता म्हणत नाही, आधी टाटा करायचं आणि आता करत नाही, हे कोणत्याही वयात झालं तरी डॉक्टरांना लगेच सांगायची गोष्ट आहे. सेशनची वाट पाहायची नाही.

आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन प्रकारे मोजतात. ४० आठवड्यांत जेवढे आठवडे कमी पडले तेवढे आजच्या वयातून वजा करायचे. ३२ आठवड्यांचं बाळ आज १० महिन्यांचं असेल तर ८ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने वजा. विकासाच्या दृष्टीने ते ८ महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत असंच धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

४. मोबाइलवर घर घेऊन जा

नव्या खोलीत, नव्या माणसासमोर मूल घरचं अर्धंही करत नाही. ‘घरी करतो हो, इथेच करत नाही’ हे वाक्य थेरपिस्ट दिवसातून दहा वेळा ऐकतात, आणि बहुतेकदा ते खरंच असतं. म्हणून आदल्या आठवड्यात एक-दोन मिनिटांचे पाच व्हिडिओ काढा: जेवताना, एकटं खेळताना, मागून नावाने हाक मारल्यावर, जमिनीवरून उठताना किंवा सरकताना, आणि चिडल्यावर. मोबाइल आडवा धरा, मुलाचं पूर्ण अंग दिसू द्या. मध्ये मदत करू नका. हात पुढे केलात की ते काय एकटं करतं ते कळत नाही.

अधूनमधून दचकणं, एकटक बघणं, मान झुकणं असलं काही होत असेल तर त्याचाही व्हिडिओ घ्या. हा व्हिडिओ थेरपिस्टसाठी नाही, बालमेंदूतज्ज्ञांसाठी.

५. त्या दिवशी

मुलाच्या झोपेची वेळ टाळून अपॉइंटमेंट मागा. फिजिओथेरपीच्या आधी दीड तास पोटभर जेवण नको, पोटावर झोपवलं की उलटी होते. पण उपाशीही नेऊ नका. खाण्या-गिळण्याची तक्रार असेल तर रोजचाच डबा, रोजचाच चमचा-वाटी न्या. थेरपिस्टला मूल प्रत्यक्ष खाताना बघायचं असतं. नवी बिस्किटं तिथे नेऊन उपयोग नाही.

कपडे सैल, गुडघ्यावर सरकणारे. पिशवीत बदलायचा एक जोड, डायपर, पाणी, आवडीचं एक खेळणं. झटक्यांचं औषध चालू असेल तर त्या दिवशी त्याची वेळ चुकवू नका. ताप असेल किंवा आदल्या दिवशी झटका आला असेल तर फोन करून विचारा, तसंच उचलून नेऊ नका.

वाटेत झटका आला तर मुलाला एका कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही बाजूला करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

ससूनला मेट्रोने पुणे रेल्वे स्टेशन स्थानकावर उतरता येतं. स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यामुळे बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर रिक्षापेक्षा सोपं पडतं. रास्ता पेठेत गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका, एकाने मुलाला घेऊन उतरावं.

सोबत दोन मोठी माणसं हवीत. त्यातलं एक दिवसभर मुलाजवळ असणारं हवं, मग ती आजी असो की सांभाळणाऱ्या मावशी. आई-बाबा शिकून आले आणि दिवसभर सांभाळणाऱ्या आजींना काहीच माहीत नाही, अशाने ते १६६ तास वाया जातात.

६. आत गेल्यावर

पहिली दहा मिनिटं थेरपिस्ट मुलाला हातही लावत नाहीत असं वाटेल. तुमच्याशी बोलता बोलता त्यांची नजर मुलावर असते: ते कोणाकडे पाहतं, चेंडू कसा धरतं, एकच हात वापरतं का, पाय कसे ठेवतं. याच वेळी पालक ‘बाळा, काकूंना नाक दाखव, एबीसीडी म्हणून दाखव’ सुरू करतात. नका करू. पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून मूल स्वतःहून काय करतं, ते त्यांना बघायचं असतं. प्रश्न मुलाला विचारला असेल तर मनात दहापर्यंत आकडे मोजा; काही मुलांना उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. रडलं तर रडू द्या, त्याचा कोणी राग मानत नाही.

काही नावं कानावर पडतील. डीएएसआयआय ही अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांची विकासचाचणी. आयएसएए ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही हीच वापरतात. सीपी असेल तर जीएमएफसीएस, म्हणजे हालचालीची पातळी सांगतात, १ ते ५. पहिल्या पातळीतली मुलं स्वतः चालतात, पाचव्या पातळीत मान आणि धड सावरायलाही आधार लागतो. ही पातळी म्हणजे गुण नव्हेत. पुढे खुर्ची, पट्टे, फ्रेम यांची काय गरज पडेल याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. आकडा ऐकून त्या दिवशी मन खचतं, ते स्वाभाविक आहे. तरी पातळी कोणती ते लिहून घ्या.

निघण्याआधी हे दोन प्रश्न विचारा. पहिला: येत्या तीन महिन्यांत नक्की काय साधायचं? ‘सुधारणा होईल’ हे उत्तर नव्हे. ‘पाठीला आधार दिला तर दहा मिनिटं बसून स्वतःच्या हाताने पोळीचा तुकडा तोंडात घालेल’, हे उत्तर. दुसरा: घरी काय करायचं, आणि ते आत्ता माझ्याकडून करून घ्याल का? तुमच्या हाताने, त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांना करताना व्हिडिओ काढला तर सोपं दिसतं. घरी आपला हात चुकीच्या जागी पडतो.

७. घरी आणायचं ते

बारा व्यायामांचा कागद मिळाला तर परत करा आणि तीनच मागा. बारा कोणीच करत नाही. तीन, तेही रोजच्या कामांना बांधलेले: अंघोळीनंतर एक, जेवताना एक, झोपण्यापूर्वी एक.

पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर पाय जुळवून हातांवर आडवं उचलण्यापेक्षा कडेवर घ्या. आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना त्याचे पाय फाकतात, मांड्यांचे स्नायू ताणले जातात, मान वर राहते आणि जगही दिसतं. आपल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आता ते मुद्दाम, दोन्ही बाजूंना आळीपाळीने करायचं. मालीश करायला हरकत नाही, मुलाला आवडते आणि त्वचाही चांगली राहते, पण ताणाच्या व्यायामाची जागा ती घेत नाही. आणि कडक झालेला पाय झटका देऊन कधीच सरळ करायचा नाही. हळू ताण देऊन थोपवून धरला की तो आपोआप सैल पडतो.

भरवण्याबद्दल तर विनवणीच आहे. आडवं पाडून बोंडल्याने किंवा चमच्याने दूध ओतू नका. मूल बसतं हवं, मान मागे पडलेली नको, हनुवटी किंचित खाली, आणि चमचा समोरून, खालच्या बाजूने. दर घोटाला खोकला येतो, खाल्ल्यावर आवाज ओला घरघरता होतो, छातीचा संसर्ग वारंवार होतो, यातलं काहीही असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. हे पहिल्याच भेटीत सांगा.

पायाचे पट्टे, म्हणजे एएफओ, मिळाले तर ते घालायची रीत आहे. मूल बसवा, गुडघा आणि कंबर दुमडा; त्याने पाय सैल होतो. शिवण न बोचणारा सुती मोजा सुरकुती न पडू देता चढवा. टाच पूर्ण मागे, तळाला टेकवा. मग घोट्यावरचा पट्टा आधी आवळा, पोटरीवरचा नंतर. उलट केलं तर टाच वर राहते आणि सगळा खर्च फुकट जातो. पहिल्या दिवशी तासभरच. काढल्यावर लालसर डाग दिसतो. तो अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा तसाच चालवू नका, ऑर्थोटिस्टकडे (पट्टे बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे) परत न्या. पाय वाढला की बोटं पुढे येतात, तेव्हा तो बदलायचा.

८. इथे फसायला होतं

‘घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं’ असा सल्ला अजूनही मिळतो. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. घरात मराठी आहे तर मराठीच बोला. आजीची हाक, जेवताना ‘अजून हवं?’, पावसात ‘छत्री कुठंय?’ यातूनच भाषा येते.

सहा महिन्यांचं ‘पॅकेज’ आगाऊ भरू नका. महिनाभर पाहा, लेखी ध्येय आणि पावती दोन्ही मिळतायत का बघा, मग ठरवा.

ऑटिझम किंवा सीपी ‘बरं’ करण्याच्या हमीवर स्टेम सेलची इंजेक्शनं विकली जातात. ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही. लाखाच्या घरात जाणारा तो पैसा थेरपीला, खुर्चीला, शाळेला ठेवा. कोणी सांगितलं म्हणून झटक्यांचं औषध अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

९. प्रमाणपत्र आणि कार्ड

हे काम थेरपी स्थिरावण्याची वाट न पाहता सुरू करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष त्यात येतात. आधी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज: मुलाचा फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय कागद. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. कोणत्या प्रकारासाठी कोणता वार, हे रुग्णालयात आधी विचारूनच मुलाला न्या. मूळ रिपोर्ट दाखवायला आणि झेरॉक्स द्यायला, दोन्ही ठेवा. पोर्टलवर नाव अगदी आधारवर आहे तसंच भरा. एका अक्षराच्या फरकावर अर्ज अडकतो.

कार्डावरची पट्टी पांढरी असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली, पिवळी ४० ते ८०च्या आत, निळी ८० आणि वर. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. प्रमाणपत्र आल्यावर ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विमा योजनेत नाव घाला. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि बाह्यरुग्ण थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी सेंटरच्या पावत्या हव्यात, म्हणून पहिल्या सेशनपासून नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. जुनी करप्रणाली निवडलेली असेल तर आयकरात ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००ची.

लहान मुलांना पुष्कळदा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं. कार्ड हातात आलं की नाव आणि जन्मतारीख तपासा, मुदतीची तारीख फाइलच्या पहिल्या कप्प्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्याच्या तीन महिने आधीची आठवण मोबाइलवर लावून ठेवा. मुदत संपल्यावर नूतनीकरणाला गेलात तर मधल्या काळात विमा, पास आणि शाळेची सवलत, सगळंच अडकून पडतं.